काकांचे कान आणि माझं अर्धं मिनिट

एका धडधाकट माणसाला मी चारचौघांत बहिरा ठरवलं. आडून नव्हे, संशय म्हणूनही नव्हे. टेबलावर हात ठेवून, जाणकाराच्या थाटात म्हणालो, "फोन एकदम ठीक आहे. काकांचे कान गेलेत." दोष काकांच्या कानांत नव्हता. मी स्वतःच्या हाताने फायरवॉलच्या एका रकान्यात जो आकडा भरला होता, त्यात होता. पुढे तो आकडा मीच शोधून काढला, आणि त्या शोधाचा मला आजही अभिमान आहे. इतक्या वर्षांत इतकं सुंदर कोडं माझ्यासमोर पुन्हा आलं नाही. पण कोडं सुटल्यावर मी कसा वागलो, ते सांगितल्याशिवाय तो अभिमान मिरवायला मला तोंड नाही.

गोष्ट दोन हजारच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. मी तेव्हा पस्तिशीला टेकलो होतो. अंबरनाथ पूर्वेला दोन खोल्यांत आई-वडील, बायको आणि मी. वडील कारखान्यातून निवृत्त झालेले. मी दुसऱ्याच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करता करता नेटवर्कचं काम शिकलो, आणि मग धीर करून स्वतःचा धंदा सुरू केला. माझी बहुतेक गिऱ्हाइकं उल्हासनगर कॅम्प दोनमधली. खाली दुकान, वर ऑफिस, जिना इतका अरुंद की सीपीयू छातीशी धरून आडवं चढावं लागायचं.

त्यातलेच एक सेठ. सिंधी, बोलायला मोकळे, लहान मुलांच्या तयार कपड्यांचे घाऊक व्यापारी. ऑफिस कॅम्प दोनमध्ये आणि गोडाऊन बदलापूरच्या टोकाला, खरवईत. दोन ठिकाणांमध्ये साधा फोन होता, पण कुणीतरी कुठेतरी रस्ता खणायचं आणि लाइन आठ-आठ दिवस मुकी व्हायची. ब्रॉडबँड नुकतं आलं होतं. मी सेठना म्हटलं, इंटरनेटवरून फोन लावून देतो. दोन्हीकडे एकेक छोटा डबा, त्याला नेहमीचाच फोन, आणि मोठ्याने ऐकायला स्पीकर.

पहिला कॉल लागला तेव्हा सेठ खुर्चीतून अर्धे उठले. "अरे साईं, ये तो बाजू के कमरे से बोल रहा है!" त्यांनी खालच्या दुकानातून दोन शेजाऱ्यांना हाका मारून वर बोलावलं आणि ऐकवलं. माझ्या आयुष्यात कामाचं असं कौतुक पहिल्यांदाच झालं. घरी येऊन मी ते वडिलांना दोनदा सांगितलं.

पलीकडे फोनवर जे होते ते काका. गोडाऊनचे मुख्य, मूळचे खरवईचेच, आगरी. गोडाऊन उभं होतं ती जमीन एकेकाळी त्यांच्या भावकीच्या भातशेतीला लागून होती. पंचावन्न-छप्पन्न वय, पांढरा हाफ शर्ट, उजव्या कानावर पेन्सिल. मला ते "इंजनेर" म्हणायचे. त्यात थोडी थट्टा असायची, पण ती मला गोड वाटायची.

रोज सकाळी दहाला सेठ दिवसाची ऑर्डर वाचून दाखवायचे. कुठल्या पार्टीला कुठला साइज, कुठला रंग, किती बंडल. मिनिट-दीड मिनिट सलग. काका पूर्ण वेळ एक अक्षर बोलायचे नाहीत. नुसती पेन्सिल चालायची. सेठचं संपलं की काका विचारायचे, "झाला बोलून?" आणि मग सगळी ऑर्डर पहिल्यापासून परत म्हणून दाखवायचे. परत म्हणताना पहिल्या नगाला ते कधी एक म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "लाभ." मग दोन, तीन, चार.

मी एकदा विचारलं तर म्हणाले, "खल्यावर भात मापतान ना, तवा पयल्या पायलीला लाभ बोलायचा. आमचा बापूस मापायचा, मी मोजायचा. आनि मापणारा मापत असतान मधी बोलायचा नाय. मधी बोलला की माप चुकला."

सेठना ते "लाभ" फार आवडायचं. "लाभ बोला मतलब दिन अच्छा जाएगा," असं म्हणत ते सकाळची अगरबत्ती त्या फोनलाही ओवाळायचे. काका रजेवर असले आणि दुसऱ्या कुणी "एक" म्हणून सुरुवात केली, तर सेठ त्या दिवशी कुरकुरत असायचे.

त्या पावसाळ्यात कॅम्प दोनच्या ऑफिसात व्हायरस शिरला. तिथून बदलापूरच्या कॉम्प्युटरवर गेला. मी दोन दिवस दोन्हीकडे बसून सगळं साफ केलं, आणि मग ठरवलं की आता बंदोबस्त असा करायचा की पुन्हा नाव नको. बदलापूरच्या राउटरमधली फायरवॉल मी कसून आवळली.

फायरवॉल म्हणजे काय, हे मी तेव्हा गिऱ्हाइकांना सोसायटीच्या वॉचमनचं उदाहरण देऊन सांगायचो. आतल्या माणसाने बाहेर कुणाला हाक मारली, तरच वॉचमन त्या बाहेरच्याला आत सोडतो. आणि आतून बराच वेळ काही हालचाल झाली नाही, की आतल्याचं काम संपलं असं समजून दार लावून घेतो. तो 'बराच वेळ' किती, हे सेटिंगमध्ये आकडा भरून ठरवता येतं. आधी तिथे तीन मिनिटं होती. मला ती फार वाटली. तीन मिनिटं दार उघडं कशाला? मी ते अर्ध्या मिनिटावर आणलं. जितकं घट्ट तितकं सुरक्षित, एवढीच माझी तेव्हाची अक्कल. सेठना म्हणालो, "आता माशीसुद्धा आत येणार नाही."

जाण्याआधी फोन तपासला. "हॅलो, हॅलो, येतोय ना आवाज? हां, मलाही येतोय. स्पष्ट आहे ना? हां, हां." सगळं ठीक. मी बॅग उचलून निघालो.

आठवड्याभरात सेठचा फोन आला. काका अर्धीच ऑर्डर घेतात. सेठ नऊ नग वाचतात आणि काका चार म्हणून थांबतात.

"बाकी किधर गया, काका?"

"शेठ, मना येवराच आयकू आला."

"अरे, अभी तो बोला मैंने!"

"नाय शेठ. मधी तुमी गप झालास."

एकदा छत्तीस साइजचा माल जायचा तो राहूनच गेला, गिऱ्हाईक चिडलं. सेठचा समज हळूहळू पक्का होत गेला. त्यात दुर्दैव असं की त्याच दिवसांत काकांचा उजवा कान दुखत होता. पाण्यात भिजून काहीतरी झालं होतं आणि ते कानात कापसाचा बोळा घालून यायचे. बोळा सगळ्यांना दिसत होता. माझं अर्धं मिनिट कुणालाच दिसत नव्हतं.

सेठनी मला बदलापूरला पाठवलं. काकांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "इंजनेर, तुमचा फोन मधीच झोपतं. मी हं बोललो की उठतं."

हे वाक्य मी आज जसंच्या तसं लिहू शकतो. संपूर्ण निदान त्यात होतं. बिघाड कधी होतो आणि कशाने जातो, दोन्ही. एखाद्या शिकलेल्या इंजिनियरने हेच सांगितलं असतं तर मी वही काढली असती. काकांना मी हसून म्हणालो, "काका, फोन झोपत नसतो."

मी सेठना फोन लावला. पाच मिनिटं बोललो. "हां सेठ, बोला. हां, येतोय. हां, आता? हां." एकदाही आवाज तुटला नाही. तुटणार कसा? मी दर दोन सेकंदांनी काहीतरी बोलत होतो आणि माझं प्रत्येक "हां" वॉचमनला सांगत होतं, आतला माणूस जागा आहे, दार उघडं ठेव.

स्पीकर चालू होता. पॅकिंगच्या बायका हातातलं काम थांबवून ऐकत होत्या. हमालांचा मुकादम दारात उभा होता. कॅम्प दोनमध्ये सेठच्या समोरही माणसं बसलेली असणार. सेठनी विचारलं, "तो फिर प्रॉब्लेम किधर है?" टेबलावर हात ठेवून मी ते कानांचं वाक्य म्हणालो.

काकांनी कानावरची पेन्सिल काढली, टेबलावर ठेवली आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ऑर्डर मुकादम घेऊ लागला. मुकादम म्हणजे जिवंत होकार. "हां सेठ, छत्तीस, हां सेठ, निळा, हां सेठ, बारा बंडल, हां हां सेठ." एकही नग सुटेना. माझं म्हणणं खरं ठरलं. सेठ म्हणाले, "साईं, तेरी नज़र तेज़ है." मला बरं वाटलं, ते मी लपवणार नाही.

काकांना गेटवर बसवलं. गाड्यांचे नंबर लिहायचे आणि साखळी काढायची-लावायची. हमाल लांबूनच ओरडायचे, "ओ बहिरोबा, गाडी आली!" काकांनी सुरुवातीला मान वर केली नाही. मग एकदा मी गेलो तेव्हा बघितलं, ते कानाशी पंजा धरून ऐकत होते. सगळे मोठ्याने बोलत होते आणि ते पंजा धरत होते. कान तर केव्हाच बरा झाला होता, कापूसही नव्हता.

नवरात्राच्या सुमारास मुकादमाची दाढ काढली. तोंडात कापूस, डॉक्टरांनी दिवसभर बोलू नका म्हणून सांगितलेलं. त्याने सेठना आधी कळवलं आणि नुसतं ऐकून लिहायला बसला. सेठनी अकरा नग वाचले. मुकादमाच्या कागदावर पाच आले.

सेठचा मला फोन. "अब इसका भी कान गया क्या?" आणि मग जरा थांबून, "या इसका दाँत कान से लगा था?"

ते हसत होते. मला हसू आलं नाही. बदलापूरला जाताना मी सारखा एकच विचार करत होतो. काका गप्प बसून ऐकायचे. मुकादम आज गप्प बसला. मी मात्र फोनवर कधीच गप्प बसलेलो नाही.

गोडाऊनमध्ये जाऊन मी सेठना फोन लावला आणि म्हटलं, "सेठ, एक ते शंभर मोजा. मी काही बोललो नाही तरी थांबू नका."

"पागल हो गया है?"

"मोजा ना सेठ, कामाचं आहे."

"ऑफिस में लोग बैठे हैं, यार. बोलेंगे सेठ बालवाडी में बैठ गया." पण त्यांनी मोजायला सुरुवात केली. मी मनगटावरच्या घड्याळावर नजर ठेवली आणि ओठ घट्ट मिटले. सेठची मोजणी घाईची. तेहतीस, चौतीस, आणि आवाज गेला. खरखर नाही, तुटकपणा नाही, नुसतीच शांतता. जणू पलीकडचा माणूस विचार करायला थांबलाय. सेकंदकाटा बरोबर तिसावर होता.

मी म्हणालो, "हं."

"बावन, तिरपन, चौपन," सेठ पुढे गेलेच होते.

फोन झोपला होता आणि हं म्हटल्यावर उठला होता.

मी त्यांना पुन्हा मोजायला लावलं. ते या वेळी मुद्दाम सावकाश मोजत होते, त्यामुळे अठ्ठावीसवरच तुटलं. पण काटा तिसावरच. तिसऱ्यांदाही तीस. सेठचे आकडे बदलत होते, घड्याळ बदलत नव्हतं. आणि तीस हा आकडा माझ्या ओळखीचा होता. तो मीच टाइप केला होता.

मग डब्याच्या सेटिंगमध्ये शिरलो आणि दुसरा अर्धा भाग सापडला. त्या डब्यात एक सोय होती. माणूस गप्प असेल तेव्हा डबा बाहेर काहीच पाठवायचा नाही, कारण शांतता पाठवून लाइन कशाला अडवायची. सोय तशी चांगली. पण माणूस गप्प, म्हणून डबा गप्प, म्हणून वॉचमनला वाटतं आत कुणी नाही, म्हणून अर्ध्या मिनिटात दार बंद, आणि पलीकडून येणारा आवाज दाराबाहेरच राहतो. दोन्ही सोयी आपापल्या जागी बरोबर होत्या. फक्त पूर्ण लक्ष देऊन ऐकणारा माणूस समोर आला की त्या दोघी मिळून चुकायच्या.

फोनच्या डब्यापुरती वेळ मी पाच मिनिटं केली. गप्प बसायची सोय बंद केली. माणूस गप्प असला तरी डब्याने गप्प बसायचं नाही. मग सेठना चौथ्यांदा मोजायला लावलं. शंभरपर्यंत एकही आकडा गळला नाही. शंभरनंतर सेठ स्वतःहूनच म्हणाले, "आगे बोलूँ?" त्यांना आता मजा येत होती. मला तर आनंद आवरेना. कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं, कुणाला विचारलेलं नव्हतं. एक घड्याळ आणि एक सेठ, एवढ्यावर मी हे पकडलं होतं.

"क्या था?" सेठनी विचारलं.

"फायरवॉलची सेटिंग बिघडली होती. केली बरोबर."

बिघडली होती. जशी काही आपोआप.

गेटमधून बाहेर पडताना काका उठून उभे राहिले. "सापडला काय, इंजनेर?"

"हो काका. सेटिंग होती."

"बरा झाला." साखळी त्यांनी हातात तशीच धरली होती. "मंग माझ्या कानाचा काय?"

मी खाली बघितलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यानंतर सेठ मला पुन्हा बोलावतील का, बाजारात काय बोललं जाईल, हे सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं. मी म्हणालो, "थंडी येतेय आता. कान झाकत जा."

त्यांनी मान हलवली आणि साखळी काढली.

त्यानंतर माझा धंदा वाढला. सेठनी कॅम्प दोनमध्ये माझं नाव केलं. "आवाज जाता है? एक आदमी है अंबरनाथ में." ज्यांचे भाऊ-पुतणे परदेशात होते अशी सगळी दुकानं इंटरनेट फोनवर येत होती, आणि कुठे ना कुठे एका बाजूचा आवाज जातच होता. मी जायचो आणि घड्याळ काढायचो. आधी विचारायचो, गप्प राहिलात की जातो का? बहुतेक वेळा दहा मिनिटांत दोष हाती लागायचा. लोक तोंडात बोट घालायचे. मी त्यांना फायरवॉलचा वॉचमन समजावून सांगायचो. गप्प बसून ऐकणाऱ्या माणसाची गोष्ट मात्र कुणालाच सांगितली नाही.

आमच्याकडे रविवारी सकाळी विहारात जायचा रिवाज. आई पुढे बसते, बायको तिच्या शेजारी, मी मागे. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या वचनाशी, माझा आवाज खाली जायला लागला. मुद्दाम नव्हे, जायचाच. एका रविवारी घरी येताना बायको म्हणाली, "चौथ्याला तुम्ही गप्प होता. आवाज दुरुस्त करणाऱ्याचाच आवाज जातोय."

ती गंमत करत होती. मी तिला जिन्यातच सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "काका अजून गेटवरच आहेत?"

होते. काम चाललंय तर कशाला बदलायचं, असा सेठचा हिशेब. आणि मी तोंड उघडलं नव्हतं.

कार्तिकात नवा कॉम्प्युटर जोडायला गोडाऊनला गेलो. खरवईत तेव्हा नवीन इमारतींचे पाये चौफेर खणले जात होते, पण दोन-चार खळी अजून होती. मुकादम वायर धरून माझ्याजवळ उभा होता. बोलता बोलता म्हणाला, "काकांनी यंदा खळ्यावर मोजणी सोडली, माहितेय? भावकीतले दोघं बोलवायला आले होते. काका म्हणाले, कान गेलेत, मोजणी चुकेल माझी, दुसरा बघा. वडील गेल्यापासून तेच मोजायचे. यंदा कुणीतरी पोरगा वहीत रेघा मारत होता म्हणे."

 माझ्यामुळे काकांचं ऑर्डरचं टेबल गेलं, एवढंच मला माहीत होतं. त्यांनी स्वतःच्या कानांवरचा भरवसाच टाकून दिला होता, आणि तो माझ्या शब्दावर टाकला होता. मी जाणकार होतो ना.

मी त्याच दुपारी कॅम्प दोनला गेलो आणि सेठना खरं सांगितलं. आकडा मी भरला होता, काकांनी मला आधीच सांगितलं होतं, त्यांना कमी ऐकू कधीच येत नव्हतं. सेठनी समोरची ऑर्डरची वही मिटली. मग म्हणाले, "तेरे को मालूम था और तू मेरे से शाबाशी लेता रहा?"

"हो."

"काका से मैंने भी बहुत कुछ बोला है, साईं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "जा, मिल के बोल दे. कल से वही ऑर्डर लेगा."

मी म्हणालो, "भेटून बोलणार नाही सेठ. म्हणजे भेटेनही. पण ज्या फोनवर सगळ्यांसमोर म्हणालो होतो, त्याच फोनवर, सगळ्यांसमोर बोलायचंय. दोन्हीकडे स्पीकर लावून."

सेठ म्हणाले, "इज़्ज़त जाएगी तेरी." मग स्वतःच मान डोलावली. "ठीक है. सुबह दस बजे."

सकाळी दहाला मी सेठच्या खुर्चीत बसलो. त्यांनीच बसवलं. खालच्या दुकानातले दोघं शेजारी आले होते, पहिल्या कॉलच्या वेळी आले होते तेच. मुकादमाने पलीकडून सांगितलं, काका टेबलाशी आलेत, पॅकिंगच्या बायका आहेत, हमालही आहेत.

 मी सुरुवात केली.

"काका, मी बोलतोय, इंजनेर. पावसाळ्यात व्हायरस आला तेव्हा फायरवॉलची वेळ मी अर्ध्या मिनिटावर आणली. कुणाला विचारलं नाही, नीट तपासलं नाही. म्हणून तुम्ही गप्प बसून ऐकायला लागलात की आवाज बंद व्हायचा. जो मध्ये मध्ये बोलत राहायचा त्याचा व्हायचा नाही. फोन झोपतो, असं तुम्ही मला सांगितलं होतंत. ते शंभर टक्के बरोबर होतं. मी हसलो. मग याच फोनवर, आज जे ऐकतायत त्यांच्यासमोर, तुमचे कान गेले म्हणालो. ते खोटं होतं. मुकादमाची दाढ काढली तेव्हा माझी चूक मला सापडली. तुम्ही गेटवर मला विचारलंत, माझ्या कानाचं काय? तेव्हा मी कान झाका म्हणालो. ते त्याहून खोटं होतं, कारण तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. तुमचे कान चांगले आहेत, काका. या धंद्यात मी इतकी माणसं बघितली, तुमच्यासारखं ऐकणारं कुणी बघितलं नाही. माझ्या बोलण्यावरून तुम्ही खळं सोडलंत. मला माफ करा."

पलीकडून काही नाही. श्वाससुद्धा नाही. मी बोलायला लागून मिनिटाच्या वर झालं होतं, आणि इतका वेळ ते एक अक्षर बोलले नव्हते. सेठनी माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे. मी हात वर करून त्यांना थांबवलं. हॅलो म्हणायचा मोह मी आवरला. सेटिंग मी केली होती आणि ती बरोबर होती.

"झाला बोलून?" काकांनी विचारलं.

"झालं, काका."

"आता मी बोलतंय. चुकला तं सांगा." कागद सरकल्याचा आवाज आला. "लाभ. वेल तुमी कमी केली, कोनाला नाय इचारला. दोन. फोन झोपतं त्या मी सांगतला, त्या बरोबर होता, तुमी हसलास. तीन. कान गेलं बोललास सगल्यांच्या समोर, त्या खोटा. चार. गेटवर कान झाका बोललास, त्या जास्ती खोटा. पाच. कान चांगलं हान. सहा. खला." इथे ते जरासे थांबले. "सात. माफी. येवराच, का आनखी काय ऱ्हायला?"

"एवढंच, काका. सगळं आलं."

"बरा." पलीकडे कुणीतरी नाक ओढलं, बहुतेक पॅकिंगची बाई असावी. "पेन्शील कानावर ठेवली हाय. आता तुमी उठा, आनि शेठला बसवा. दहा वाजून गेलं."